बहिणीची सही घेण्याआधी

दरेकसासारख्या गावात घरचा कर्ता माणूस अल्लाहला प्यारा झाला, की काही दिवसांतच सातबाऱ्याचा विषय निघतो आणि बहिणीपुढे हक्कसोडपत्र येते. भावाचे मन कशाला मोडायचे, म्हणून ती सही करते. आम्हाला वाटते, आपण इथेच थांबायला हवे.

शरियतचा क्रम ठरलेला आहे. आधी कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज. पत्नीचा न दिलेला मेहर हेही कर्जच. त्यानंतर वसीयत, तीही एक-तृतीयांशापर्यंत. उरलेले वारसांचे. मरहूमचे आईवडील हयात नसतील आणि मागे पत्नी, एक मुलगा व दोन मुली असतील, तर सूरह निसाप्रमाणे 32 भागांपैकी पत्नीला 4, मुलाला 14 आणि प्रत्येक मुलीला 7.

मृत्यूचा दाखला घेऊन तलाठ्याकडे 3 महिन्यांत वारसनोंदीचा अर्ज द्यावा. त्यात बहिणींची नावे वगळू नयेत. बँकेतल्या पैशांचा नॉमिनी हा मालक नव्हे. ती रक्कमही वारसांचीच. नॉमिनी नसेल तर बँक दिवाणी न्यायालयाचे वारसा प्रमाणपत्र मागू शकते.

वकिलाच्या फीमुळे भगिनींनी मागे राहू नये. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रीचे उत्पन्न कितीही असले तरी तिला मोफत वकील मिळतो. गोंदियाच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा किंवा 15100 वर फोन करावा.

बहिणीने खुशीने हिस्सा सोडला तर गोष्ट वेगळी. पण आधी तो तिच्या हाती देऊ या, मग तिची खुशी विचारू या.