सीट पुढे घ्या, बॉस!

कँटीनमध्ये गाडीचा विषय निघाला की काय ऐकू येतं? अ‍ॅव्हरेज किती, म्युझिक सिस्टीम कुठली, सनरूफ आहे का... ड्रायव्हर सीटखालच्या त्या दांडीबद्दल बोलणारा महाभाग मला अजून भेटायचाय. वास्तविक ब्रेकवर पाय नीट पोचतो की नाही, हे ठरवते तीच!

साताऱ्याच्या आमच्या काकांकडे मारुती ओम्नी आहे. १९८४ मध्ये 'मारुती व्हॅन' म्हणून आलेली आणि २०१९ मध्ये बनायची थांबलेली, तीच ती. काका पाच फूट दोन इंच, त्यामुळे सीट वर्षानुवर्षं पुढच्याच खाचेत. दर पंधरा दिवसांनी काकूला घेऊन मिरजेला दवाखान्यात जायचं, दुसरं कोण हलवणार ती सीट? मग काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं आणि स्टिअरिंग आलं चुलतभावाकडे. तो सहा फुटी! गुडघे थेट स्टिअरिंगला. त्याने जोर लावून दांडी ओढली, गंजलेली स्प्रिंग तुटली आणि सीट मोकाट सुटली. यवतेश्वरच्या घाटात चढाला मागे, ब्रेक मारला की पुढे. सीट मागे गेली की क्लच, ब्रेक सगळंच पायाखालून गायब!

एका गॅरेजवाल्याने तोडगा सांगितला, "वेल्डिंग मारून टाकू." पण कोणाच्या मापाला? शिवाय ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखालीच. पेट्रोलच्या गाडीत तिथे ठिणग्या? नको रे बाबा.

काकूचं माहेर सांगलीचं. तिकडच्या ओळखीच्या मिस्त्रींनी फोनवरच सांगितलं, "सीट खोला, स्लायडर घेऊन या. गाडी नको." मग काय, बोल्टांवर रात्रभर तेल मुरवून सीट काढली, दोन्ही स्लायडर पिशवीत घातले आणि आम्ही कोयना एक्स्प्रेसने सांगलीला! मिस्त्रींनी मोडीत निघालेल्या एका ओम्नीची जोडी काढून आमच्या पट्ट्यांना लावून बघितली. भोकं जुळली. खाचा मात्र त्यांनी बोटाने तपासल्या, एकेक. त्यांच्या मते स्प्रिंग नवीन मिळते, झिजलेल्या खाचेला औषध नाही. आणि स्लायडर बदलायचे तर दोन्ही. एक जुना, एक नवा असला की सीट तिरकी अडकते.

परत येऊन बसवायला तासभर लागला. चारही बोल्ट आधी हातानेच, सैल. सीट पूर्ण पुढे-मागे सरकते ना, हे बघून मगच पान्याने आवळायचे. शेवटी इंजिन बंद ठेवून सीटवर बसायचं, दांडी सोडायची, 'खट्' आवाज ऐकायचा आणि अंगाने मागे-पुढे जोरात धक्के द्यायचे. शेजारी बघून हसतात, हसू देत.

काकूने खालच्या पट्टीवर नेलपॉलिशचे दोन ठिपके काढलेत. लाल काकांचा, गुलाबी लेकाचा. मिरजेची पुढची तारीख गुलाबी ठिपक्यावर वेळेत गाठली.