चित्राची साक्ष आणि पंचांचा निवाडा

२०२५ च्या फेब्रुवारीच्या २ तारखेस अहिल्यानगर येथें महाराष्ट्र केसरीच्या गादी विभागाची अंतिम कुस्ती झाली. तिचें चित्रण खुटबावच्या पारावर त्या आठवड्यांत किती वेळां पाहिलें गेलें, याची गणती कोणीं ठेविली नाहीं. पृथ्वीराज मोहोळ यांनीं शिवराज राक्षे यांना चितपट केलें, असा निकाल पंचांनीं दिला. आपले दोन्ही खांदे टेकलेच नाहींत, असें राक्षे यांचें म्हणणें. पुढें जें घडलें तें सर्वश्रुत आहे. राक्षे यांनीं पंचांची गचांडी धरून लाथ मारली. त्यांजवर तीन वर्षांची बंदी जाहीर झाली. त्याच रात्रीं अखेरची लढत अर्धवट टाकून निघून गेलेल्या महेंद्र गायकवाड यांजवरहि तितक्याच मुदतीची बंदी आली.

लाथेचें समर्थन आम्ही करीत नाहीं. ज्या आखाड्यांत उतरतांना माती कपाळीं लावण्याची रीति आहे, त्या विद्येच्या उपासकाचा पाय पंचाच्या अंगास लागावा ही लाजिरवाणी गोष्ट होय. परंतु लाथेचा निषेध केला म्हणजे मूळ प्रश्न मिटला, असें मानणाऱ्यांशीं आमचें भांडण आहे; आणि ‘यंत्र आणा, म्हणजे तंटाच उरणार नाहीं’ असें म्हणणाऱ्यांशीं त्याहून मोठें आहे.

पारावर आम्हीं काय पाहिलें तें सांगतों. चित्रफीत एकच, पक्ष दोन. एकजण जेथें बोट ठेवून चित्र थांबवी, तेथें त्यास टेकलेला खांदा दिसे. दुसरा तेंच चित्र केसभर पुढें थांबवी, आणि त्यास पाठ व गादी यांच्यामध्यें उजेड दिसे. अखेर एक म्हातारे वस्ताद कंटाळून म्हणाले, “तुमी कुस्ती न्हाई बघत, फोटू बघताय.” या एका वाक्यांत जितकें मर्म आहे, तितकें त्या दिवसांच्या साऱ्या वृत्तपत्री चर्चेंत आम्हांस आढळलें नाहीं. कारण नियम काय म्हणतो? दोन्ही खांदे टेकले पाहिजेत, आणि प्रतिपक्षी पूर्णपणें कह्यांत आला आहे हें पंचास दिसण्याइतका वेळ ते टेकलेले राहिले पाहिजेत. म्हणजे प्रश्न स्थितीचा आहे तसाच अवधीचाहि आहे. थांबविलेल्या चित्रांत अवधि कोठून दिसणार?

हाच घोळ सातासमुद्रांपलीकडे फुटबॉलच्या ऑफसाइड नियमानें घातला आहे. सोबत्यानें चेंडूस पाय लावला त्या क्षणीं पुढचा खेळाडू कोठें होता, यावर तेथें गोलाचें भवितव्य ठरतें. इंग्लंडच्या प्रीमियर लीगनें २०१९ मध्यें चित्रफितीचे पंच नेमले आणि पडद्यावर रेषा ओढून बोटाबोटाचीं अंतरें मोजण्यास आरंभ केला. आतां थोडें गणित करूं. सेकंदास पन्नास चित्रें घेतलीं, तर दोन चित्रांमध्यें सेकंदाचा पन्नासावा हिस्सा जातो. एक खेळाडू सेकंदास आठ मीटर वेगानें पुढें आणि बचाव करणारा तितक्याच वेगानें उलट दिशेस धांवत असेल, तर तेवढ्यांत त्यांच्यामधील अंतर ३२ सेंटिमीटरांनीं, म्हणजे जवळजवळ दीड वितीनें बदलतें. ज्या पट्टीच्या दोन खुणांमध्यें दीड वीत मोकळी, तिनें बोटभर अंतराचा निवाडा द्यावा, हा न्याय कीं चेष्टा? दोन वर्षांनीं, २०२१ मध्यें, तेथील चालकांनीं त्या रेषा जाड केल्या आणि संशयाचा फायदा चढाई करणाऱ्यास दिला. २०२२ च्या कतारच्या विश्वचषकांत बारा कॅमेरे आले, आणि चेंडूच्या पोटांत सेकंदास पांचशें वेळां खबर देणारें यंत्रहि आलें. मोजणी सुधारली, हें आम्ही मोकळेपणानें मान्य करतों.

पण मोजणी म्हणजे निवाडा नव्हे. ३० सप्टेंबर २०२३ रोजीं टॉटनहॅमविरुद्ध लिव्हरपूलच्या लुइस दियाझ यानें गोल केला. मैदानावरील पंचांनीं तो ऑफसाइड ठरविला. चित्रांत तो स्पष्टपणें नियमांत बसत होता, आणि चित्रफितीच्या पंचास तें दिसलेंहि. मात्र मैदानावर गोल दिलाच आहे, अशा समजुतीनें त्यानें ‘तपासणी पूर्ण’ एवढेंच कळविलें. खेळ पुढें सुरू झाला, गोल गेला तो गेलाच, आणि लिव्हरपूल २–१ नें हरलें. काचेनें खोटें सांगितलें नव्हतें. साक्ष खरी असून निवाडा चुकला, कारण साक्षीदार आणि न्यायाधीश यांमध्यें काय बोलावयाचें याची शिस्त नव्हती.

म्हणून आमचें म्हणणें असें कीं, चित्र हा साक्षीदार समजावा. त्यास न्यायासनावर बसवूं नये, आणि दाराबाहेरहि ताटकळत ठेवूं नये. आंतरराष्ट्रीय कुस्तीच्या नियमांत प्रशिक्षकास चित्रफीत पाहण्याची मागणी करतां येते, व ती फोल ठरल्यास प्रतिपक्षास एक गुण मिळतो. हक्क आहे, त्याची किंमतहि आधींच ठरलेली आहे. चितपट पुकारल्यावर तो हक्क कितपत उरतो, यावर नियमपंडितांनीं खुशाल वाद घालावा. केसरीपदाच्या लढतींत तरी विजेत्याचा हात वर करण्यापूर्वीं चित्रफीत न थांबवितां, चालत्या स्वरूपांत, सर्वांसमक्ष दाखवावी, एवढी आमची मागणी आहे. त्यानंतरहि संशय राहिला, तर कुस्ती पुढें चालूं द्यावी. आमच्या भागांतल्या जत्रेच्या फडांत पाठीस माती लागली कीं नाहीं याविषयीं पंचांचें एकमत न झाल्यास जोड पुन्हां लावलेली आम्हीं पाहिली आहे. तेथें कॅमेरा नव्हता, पण संशयाची कबुली देण्याची लाज कोणास वाटत नव्हती.

जानेवारी २०२३ मध्यें पुण्यास माती विभागाच्या अंतिम लढतींत सिकंदर शेख यांच्याविरुद्ध महेंद्र गायकवाड यांना बाहेरच्या टांगेचे चार गुण मिळाले, तेव्हांहि असाच गदारोळ उठला होता. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत फुलगांवीं शेख केसरी झाले, आणि लोक तो वाद विसरले. पण प्रत्येक पैलवानास पुढचा हंगाम लाभतो असें नाहीं. गुडघा एकदां गेला कीं गेला.

यानें वेळ जाईल, कुस्तीची रंगत जाईल, असा आक्षेप येईल. भीमेकाठच्या कितीतरी घरांत म्हशीचें दूध डेअरीस न घालतां पोराच्या खुराकास राखलें जातें, आणि तें दहा-दहा वर्षें राखलें जातें. त्या घरांना एका मिनिटाची रंगत कशाला सांगतां? पडदा तेथें असतो, चित्रफीत असते, पंचहि तेथेंच उभे असतात. त्यांनीं आम्हांस काय दिसलें, तें ध्वनिक्षेपकावर तोंडानें सांगावें.