पिंड सोडला, पूर्वज सोडले नाहीत

"तुम्ही श्राद्ध सोडले, पिंडदान सोडले, म्हणजे पूर्वजच सोडले," असा टोमणा नवदीक्षित कुटुंबांना आजही ऐकावा लागतो. ज्यांनी आमच्या पूर्वजांस नावाने नव्हे, जातीने हाक मारली, त्यांना हे विचारण्याचा अधिकार कोणी दिला? आम्ही कावळ्याला घास टाकणे सोडले. आजा-पणजाला विसरलो नाही. परंतु हे उत्तर नुसत्या रागाने पुरे पडत नाही. ते लिहूनच दिले पाहिजे.

बंधुभगिनींनो, येथेच आपली चूक होते. घराण्याचा इतिहास लिहावयास बसलेला आपला तरुण पहिल्याच पानावर पवनीच्या स्तूपापाशी जातो. १९६९-७० च्या उत्खननात तेथे प्राचीन स्तूप निघाला, नागराज मुचलिंदाचे शिल्प मिळाले, हे खरे. तो धम्माचा वारसा आहे आणि तो आपला आहे. परंतु मधल्या दोन हजार वर्षांतील एकही नाव हाती नसता 'आमचे घराणे त्यांचेच' असे लिहिणे, ही खोटे कुळ मिरविणाऱ्यांची नक्कल होय. जन्मावरून श्रेष्ठत्व ज्या बुद्धाने नाकारले, त्याच्या अनुयायांना ती शोभत नाही.

इतिहास स्वतःपासून आरंभावा आणि एकेक पिढी मागे जावे. प्रत्येक नावापुढे दोन गोष्टी लिहाव्या: हा आपला कोण, आणि हे कशावरून. 'वडिलांचे वडील, शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरावरून.' 'आजीचा भाऊ. आजीने सांगितले, कागद नाही.' कोतवाल बुकाची नक्कल काढावी. गावच्या जन्ममृत्यूची खबर पोचविणारा कोतवाल पुष्कळ गावी आपल्याच समाजाचा असे; त्याच्या पायपिटीने झालेली नोंद आज आपल्या मुलांच्या कामी येते. बौद्धांना अनुसूचित जातींचे हक्क केंद्राने १९९० मध्ये मान्य केले. पण जातपडताळणी समिती वंशावळ मागते, आणि एक दुवा तुटला की मुलाचा प्रवेश अडतो. त्या नोंदीत जुन्या जातीचे नाव दिसले म्हणून लाजू नये. लाज वाटावी ती जात लादणाऱ्यांना.

कचेरीची वंशावळ पुरुषाकडून पुरुषाकडे जाते. आपली तशी नसावी. धानाची रोवणी करून, विड्या वळून ज्या आजीने घर जगविले, तिचे नाव व माहेरचे गाव लिहिल्यावाचून तो इतिहास पुरा नव्हे.

१९५४ च्या भंडारा पोटनिवडणुकीत बाबासाहेब पराभूत झाले. त्या वेळी त्यांना मत देणारे आपल्या घरात कोण होते? सांगणारे आता थोडेच उरले आहेत. आजच विचारा, आणि कोणी सांगितले त्याच्या नावासह लिहून ठेवा.