डिस्क दिसत नाही? ‘फॉरमॅट’ची घाई नको!

बारशाचे नि मुंजीचे फोटो, आजोबांच्या पंच्याहत्तरीची चित्रफीत, वडिलांनी हौसेने जमवलेली गाणी... आज कित्येक घरांत हे सारे एका लहानशा डबीत बंद असते. पाहुण्यांना दाखवायचे म्हणून ती एक्स्टर्नल हार्ड डिस्क कौतुकाने संगणकाला जोडावी आणि पडद्यावर काहीच उमटू नये! पोटात गोळा येणारच. मग कोणी डिस्क हलवून बघतो, कोणी टेबलावर आपटतो, कोणी समोर येईल ते बटन दाबतो. खरे नुकसान पुष्कळदा इथेच होते.

डिस्क न दिसणे आणि आतली माहिती नष्ट होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून आधी मन शांत करावे आणि एकेक शक्यता तपासत जावे.

पहिली तपासणी कानांनी करावी. नेहमीच्या हार्ड डिस्कमध्ये चकत्या असतात. त्या बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे घेतात आणि माहिती वाचणारे ‘हेड’ त्यांच्यावर अगदी सूक्ष्म अंतरावर तरंगत असते. मंद घरघर ऐकू आली, हाताला किंचित थरथर जाणवली, तर चकत्या फिरत आहेत असे समजावे. पण ‘टक्-टक्’ किंवा घासल्यासारखा आवाज येत असेल, तर डिस्क लगेच काढून ठेवावी आणि पुन्हा पुन्हा जोडून पाहू नये. हेड चकतीला घासत असेल, तर तिथली माहिती कायमची जाते. डिस्क फ्रीजमध्ये ठेवण्याचा ऐकीव उपायही करू नये. आत दव धरते. एसएसडी प्रकारात मात्र फिरणारे भाग नसल्याने ती आवाज करत नाही.

आवाज ठीक असेल किंवा मुळीच नसेल, तर केबलकडे वळावे. काही केबल फक्त चार्जिंगपुरत्या असतात. डिस्कचा दिवा लागतो, पण माहिती जात नाही. म्हणून दुसरी केबल आणि दुसरे पोर्ट वापरून पाहावे. हब मध्ये नको. टेबलावरच्या संगणकाला पुढच्यापेक्षा मागचे पोर्ट बरे. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअर, तर यूएसबी ३.० पोर्ट ९०० मिलिअँपिअर वीज देण्यासाठी बनवलेले असते. वीज अपुरी पडली की डिस्क सुरू होत नाही. साडेतीन इंची मोठ्या डिस्कला स्वतंत्र अ‍ॅडॅप्टर लागतो, तोही तपासावा. शेवटी डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडावी. तिथे ती उघडली, तर दोष आपल्या संगणकात आहे.

एवढे करूनही भागले नाही, तर विंडोजमध्ये ‘स्टार्ट’वर माऊसचे उजवे बटन दाबून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडावे. डिस्क तिथे दिसते, पण तिला ‘ई’, ‘एफ’ असे अक्षर मिळालेले नाही, असे कधी कधी होते. ‘चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स’मधून ते देता येते, आतल्या फाइलींना धक्का लागत नाही. डिस्क मॅकच्या खास पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल, तर विंडोज ती वाचू शकत नाही. ती मॅकलाच जोडून पाहावी.

मात्र ‘रॉ’, ‘अनअ‍ॅलोकेटेड’, ‘नॉट इनिशिअलाइज्ड’ असे शब्द दिसले किंवा ‘डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा’ अशी सूचना आली, तर ‘कॅन्सल’ दाबावे. फॉरमॅट केल्याने डिस्क वापरता येईल, पण फोटो परत येणार नाहीत. इथून पुढे माहिती परत मिळवून देणाऱ्या जाणकाराकडे जावे. खर्चाचा अंदाज आधी लेखी घ्यावा आणि सापडलेली माहिती त्याच डिस्कवर नव्हे, दुसऱ्या डिस्कवर उतरवायला सांगावी. धुळीच्या खोलीत कोणी डिस्कचे झाकण उघडू लागला, तर तिथेच थांबवावे.

आणि डिस्क सुदैवाने उघडली, तर? फोटो बघत बसण्याआधी प्रत काढावी. महत्त्वाच्या फाइलींच्या तीन प्रती असाव्यात: दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर, भावाकडे किंवा मुलीच्या सासरी. काम झाल्यावर ‘सेफली रिमूव्ह’ करूनच डिस्क काढण्याची सवय घरातल्या मुलांनाही लावावी.

नवी डिस्क दुकानात मिळते. आजोबांचा आवाज मिळत नाही.