विद्वत्तेचा काटा कोणाच्या हाती?

मुळशी तालुक्यात लवळ्याच्या टेकडीवर या शतकात खाजगी विद्यापीठे उभी राहिली. ज्या तालुक्याने १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह आरंभला, त्याच तालुक्यातील मुलेमुली आता पदव्युत्तर शिक्षण घेऊन अध्यापकाच्या जागेसाठी अर्ज करू लागली आहेत. या नव्या उमेदवारांना सर्वत्र एकच प्रश्न विचारला जातो: तुमचे शोधनिबंध ‘स्कोपस’मध्ये किती, आणि त्यांचे संदर्भ-उल्लेख किती? निबंधात काय लिहिले आहे, हे विचारण्याची तसदी क्वचितच घेतली जाते. हा विद्वानांचा घरगुती कलह आहे, त्याच्याशी पक्षाला काय कर्तव्य, असे काही साथींना वाटेल. परंतु ऊस उत्पादकाला काटामारी म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. माप ज्याच्या मालकीचे, त्याच्या सोयीनेच वजन भरते. विद्येच्या बाजारात आज नेमके हेच चालले आहे.

हे माप किती खोटे आहे, हे पाहावयाचे तर पुण्यातच राहून गेलेल्या एका संशोधकाची कारकीर्द त्यावर घालून पाहावी. दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७-१९६६) फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत, पुढे ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले. आमच्या पक्षाशी त्यांचे पटले असते असे नव्हे. त्यांचे अधिकृत मार्क्सवाद्यांशीही पटले नाही. पण भूमिती, संख्याशास्त्र, आनुवंशिकी, नाणकशास्त्र, संस्कृत पाठचिकित्सा आणि प्राचीन इतिहास इतक्या क्षेत्रांत ज्याने नवे काही सांगितले, असा दुसरा माणूस या शहराने क्वचितच पाहिला असेल.

१९४३ साली त्यांनी ‘जर्नल ऑफ द इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी’ या देशी नियतकालिकात फलन-अवकाशातील संख्याशास्त्रावर एक निबंध लिहिला. गुंतागुंतीच्या यादृच्छिक प्रक्रियेचे थोड्या मूलघटकांत पृथक्करण करण्याची ही रीत आज द्रवांच्या खळबळीपासून चेहऱ्यांच्या चित्रांपर्यंत सर्वत्र वापरली जाते. मात्र तिला नाव लाभले ते कारहुनेन आणि लोएव्ह या दोन युरोपीय गणितज्ञांचे, ज्यांनी ती त्यानंतर स्वतंत्रपणे मांडली. कोसंबींचे नाव कोणी जोडले तर जोडले. पुढच्याच वर्षी, १९४४ मध्ये, लंडनच्या ‘ॲनल्स ऑफ युजेनिक्स’मध्ये जनुकांमधील अंतर मोजण्याचे एक सूत्र त्यांनी प्रसिद्ध केले. निबंध अवघ्या चार पानांचा. पिकांच्या जनुकांचे नकाशे काढणारे शास्त्रज्ञ आजही ‘कोसंबी सूत्र’ वापरतात. पुष्कळदा संगणकावर एक पर्याय निवडतात आणि मूळ निबंधाचे पान उलटीतही नाहीत. लेखक एकच, कष्ट तेच. एक निबंध पुण्यामुंबईच्या वाचकांपुरता राहिला, दुसरा लंडनला छापला गेला म्हणून जगाच्या हाती पडला. संदर्भांची संख्या येथे कर्तृत्व मोजते की छापखान्याचा पत्ता?

शिवाय या मापाला खोटे नाणे ओळखता येत नाही. १९३१ साली तरुण कोसंबींनी संयुक्त प्रांताच्या विज्ञान अकादमीच्या पत्रिकेत बुर्बाकी नावाच्या एका रशियन गणितज्ञाच्या प्रमेयाचा हवाला दिला. असा गणितज्ञ कधी जन्मलाच नव्हता! आंद्रे व्हेल या फ्रेंच मित्राच्या सांगण्यावरून केलेली ती थट्टा होती. पुढे फ्रेंच गणितज्ञांच्या एका मंडळाने तेच नाव धारण केले, ही गोष्ट वेगळी. यंत्र मात्र तो संदर्भ इमानेइतबारे मोजील. उलट १९५९ साली कृषिसंख्याशास्त्राच्या नियतकालिकात रीमानच्या प्रसिद्ध गृहीतकाची सिद्धता मिळाल्याचा जो दावा कोसंबींनी केला तो साफ चुकला, गणितज्ञ म्हणून त्यांची प्रतिष्ठा त्यामुळे ढासळली, आणि १९६२ साली टाटा संस्थेने त्यांचा करार वाढविला नाही. त्या चुकीवर जितके लिहिले जाईल तितके गुण त्यांच्याच खात्यावर जमा होतील, कारण खंडन आणि मंडन यांतील भेद या हिशेबाला कळत नाही.

आणि भर्तृहरीच्या सुभाषितांची १९४८ची त्यांची चिकित्सक आवृत्ती? एकेक हस्तलिखित ताडून केलेले ते काम वर्षानुवर्षांचे आहे, आणि त्याचा वाचक जगभर मिळून मूठभर. जीवशास्त्रात शेकडो प्रयोगशाळा एकाच प्रश्नाभोवती असतात, तेथे उल्लेखांचा पाऊस पडतो. गणितात तो रिमझिम असतो, पाठचिकित्सेत दुष्काळ. या तिन्हींची बेरीज करणे म्हणजे मावळातील भात, बारामतीचा ऊस आणि माणदेशातील बाजरी एकाच दराने टनावर विकत घेणे होय.

तरीही ही बेरीज केली जाते, कारण तीवर धंदा उभा आहे. युजीन गारफिल्ड यांनी फिलाडेल्फियात १९६४ साली संदर्भ-सूची काढली ती मुख्यतः ग्रंथपालांना व संशोधकांना वाट दाखविण्यासाठी. वाटाड्याचा न्यायाधीश पुढे झाला. २००५ साली हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने ‘एच-निर्देशांक’ सुचविला: वीस निबंधांना प्रत्येकी किमान वीस उल्लेख असतील तर निर्देशांक वीस. युगप्रवर्तक असा एकच निबंध लिहिणारा आयुष्यभर एकावरच राहील! आज मोठ्या संदर्भ-सूच्या दोन कंपन्यांच्या हाती आहेत, क्लॅरिव्हेट आणि एल्सेव्हिअर. त्यांतील एल्सेव्हिअर स्वतः हजारो नियतकालिके विकते आणि ‘स्कोपस’ ही सूचीही तीच चालविते. माल तिचा, काटाही तिचा. निबंध लिहिणारा आमच्या करातून पगार घेतो, परीक्षण करणारा फुकट राबतो, आणि छापलेला निबंध वाचण्यासाठी सरकार पुन्हा पैसे मोजते. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेस मान्यता दिली. तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये. विद्यार्थ्याला नियतकालिके वाचावयास मिळावीत याला आमचा विरोध कसा असेल? परंतु जी विद्या लोकांच्या श्रमातून निर्माण झाली, तिच्या दारावरचा टोलनाका हटविण्याऐवजी सरकारने एकरकमी टोल भरला, एवढेच घडले आहे.

या मापाने आपल्याकडे काय केले, याचा हिशेबही पुण्यातच निघाला. २०१० च्या नियमांनी विद्यापीठ अनुदान आयोगाने अध्यापकांची बढती गुणांकांना बांधली. निबंध छापून देणारी दुकाने मग जागोजागी निघाली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील भूषण पटवर्धन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली आयोगाच्या मान्य यादीतील विद्यापीठांनी सुचविलेली नियतकालिके तपासली, तेव्हा तपासलेल्यांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट प्रतीची ठरली. त्याच वर्षी आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून वगळली. दोष त्या अध्यापकाला देणे सोपे आहे. तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे राबणाऱ्या माणसाला ‘छापा नाहीतर जागा सोडा’ असे बजावले, तर तो छापील कागद विकत घेणारच. केंद्राच्या राष्ट्रीय क्रमवारीत २०१६ पासून निबंधांच्या आणि उल्लेखांच्या संख्येला गुण आहेत. त्यामुळे विद्यापीठांचे चालकही त्याच चक्रात अडकले आहेत, आणि त्याची झळ सर्वांत खालच्या पायरीवरच्या अध्यापकाला लागते.

मुळशीचेच उदाहरण घ्या. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली झालेल्या त्या सत्याग्रहाचा वृत्तान्त लढ्यातील एक पुढारी विनायक भुस्कुटे यांनी मराठीत लिहून ठेवला. पुणे विद्यापीठाचे राजेंद्र व्होरा यांनी त्यावर संशोधन केले. त्यांचा इंग्रजी ग्रंथ २००९ साली निघाला आणि जगातील अभ्यासकांना कळले की धरणाविरुद्धचा एक आद्य लढा येथे लढला गेला. भुस्कुट्यांच्या लेखनावाचून हा इतिहास लिहिणे कोणालाही शक्य नाही, पण या सूच्यांच्या लेखी त्याचे वजन जवळपास शून्य. उद्या मुळशीतील एखाद्या मुलीने धरणाकाठच्या गावांच्या आजच्या स्थितीवर मराठीत प्रबंध लिहिला, गावकऱ्यांनी तो वाचला, त्याच्या आधाराने तहसील कचेरीत दाद मागितली, तर त्या वाचनाची नोंद कोणती कंपनी घेणार आहे?

नियतकालिकाच्या प्रभावांकावरून माणसाची निवड करू नये, असे २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यात शास्त्रज्ञांनीच म्हटले आहे. तेव्हा अध्यापक संघटनांतील आपल्या साथींनी याच मुद्द्यावर चळवळ उभारावी. उमेदवाराने स्वतः निवडलेले पाच लेखनप्रकार, कोणत्याही भाषेतले, निवड समितीने वाचलेच पाहिजेत. वाचल्याचा लेखी अभिप्राय उमेदवाराला मिळालाच पाहिजे. जाहिरातीतील ‘स्कोपस’ची अट निघालीच पाहिजे. आणि समिती वाचणार नसेल, तर तिच्या सदस्यांना बैठकीचा भत्ता कशासाठी द्यावयाचा, हेही विद्यापीठाच्या अधिसभेत विचारावे.