ई-मेलवरची सही कोणाची?

कर्जत-खालापूर पट्ट्यातील व्यापाराचे गिऱ्हाईक आता पायी चालत येणारे राहिलेले नाही. एके काळी पेठेतील दुकानाचा व्यवहार आसपासच्या वाड्यावस्त्यांशी, भातगिरण्यांशी आणि रेल्वेने ये-जा करणाऱ्या नोकरदारांशी असे. आज सिमेंट, फरशी, नळसामान यांची मागणी मुंबई-पुण्यात राहणाऱ्या शेतघरांच्या मालकांकडून येते. खोपोली-सावरोली भागातील कारखान्यांचे खरेदी विभाग दरपत्रक ई-मेलने मागवतात, बिलही ई-मेलनेच घेतात. दिवाळीच्या शुभेच्छा, नव्या मालाची यादी, थकबाकीची नम्र आठवण, सारे त्याच मार्गाने जाते. आणि मग गाऱ्हाणे ऐकू येते: “आम्ही दरपत्रक वेळेवर पाठविले, पण त्यांना मिळालेच नाही, काम दुसऱ्याला गेले.”

बहुतेक वेळा पत्र पोचलेले असते. ते ‘स्पॅम’ नावाच्या अडगळीच्या खणात पडलेले असते. या खणात पत्र का जाते, याचे एक कारण मजकुरात असते. परंतु दुसरे आणि आज अधिक महत्त्वाचे कारण असे की, पत्र खरोखर त्या पेढीनेच पाठविले आहे, याची ग्वाही देणारा कोणी उभा नसतो.

हा दोष ई-मेलच्या जन्मापासूनचा आहे. इंटरनेटवरून टपाल कसे पोचवावे याचे नियम जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहिले. त्या वेळी हे जाळे मोजक्या विद्यापीठांचे आणि संशोधन संस्थांचे होते. सारे एकमेकांना ओळखत. त्यामुळे पाठविणाऱ्याचे नाव पडताळण्याची कोणतीही सोय त्या नियमांत ठेवलेली नव्हती. पाकिटाच्या मागे कोणीही कोणाचेही नाव लिहावे आणि टपाल खात्याने ते निमूटपणे पोचवावे, तसाच हा प्रकार. आजही तांत्रिकदृष्ट्या एखादा भामटा आपल्या पेढीचे नाव ‘प्रेषक’ या रकान्यात लिहून पत्र धाडू शकतो. अडवणूक होते ती पुढे, घेणाऱ्याच्या दाराशी.

आपल्या वाडवडिलांना हा प्रश्न चांगला ठाऊक होता. हुंडीचा कागद कोणीही लिहू शकतो, म्हणून केवळ कागदावर विसंबून कोणी पैसे देत नसे. शहाजोग हुंडीची रक्कम बाजारात पत असलेल्या ‘शहा’लाच दिली जाई. शिवाय हुंडी लिहिणारा आपल्या आडत्याला वेगळ्या टपालाने सूचनापत्र पाठवी, की अमुक रकमेची, अमुक मितीची हुंडी आम्ही लिहिली आहे. हुंडी एका वाटेने येई, तिची खातरजमा दुसऱ्या वाटेने. १८८१ च्या पराक्राम्य संलेख कायद्यानेही हुंडीच्या स्थानिक रूढींना धक्का लावला नाही, यावरून त्या रूढी किती पक्क्या होत्या ते समजते. बँकांतही तेच तत्त्व चालत आले: ड्राफ्टवर अधिकाऱ्याची सही असली, तरी रक्कम देणारी शाखा स्वतःजवळच्या नमुना-सह्यांच्या पुस्तकात ती ताडून पाहत असे. ते पुस्तक तिजोरीत कुलूपबंद ठेवले जाई.

ई-मेलच्या बाबतीत हे नमुना-सह्यांचे पुस्तक म्हणजे आपल्या डोमेनची सार्वजनिक नोंदवही. डोमेन म्हणजे ई-मेल पत्त्यातील ‘ॲट’ या चिन्हानंतरचे नाव. त्या नावापुढे काही नोंदी लिहून ठेवता येतात आणि जगातील कोणतीही टपालयंत्रणा त्या क्षणार्धात वाचू शकते. लिहिण्याचा अधिकार मात्र केवळ डोमेनच्या मालकाला. पत्र एका वाटेने येते, पडताळणी दुसऱ्या वाटेने होते; हुंडीचाच न्याय. या नोंदी तीन प्रकारच्या असतात.

पहिली एसपीएफ. आमच्या नावाने टपाल नेण्याची मुभा कोणकोणत्या सर्व्हरना आहे, त्यांची ही यादी. २००६ साली तिचे नियम प्रसिद्ध झाले. आपण गूगलची किंवा अन्य कंपनीची टपालसेवा घेतली असेल, तर तिचे नाव या यादीत हवे. बिले थेट ई-मेलने पाठविणारे हिशेबाचे सॉफ्टवेअर असेल तर त्याचेही. वर्गणी भरून घेतलेली जाहिरात-पत्रांची सेवा असेल तर तिचेही. येथे एक चूक सर्रास होते. नवी सेवा घेतली की तिचा तंत्रज्ञ जुनी नोंद तशीच ठेवून शेजारी दुसरी एसपीएफ नोंद लिहितो. एका डोमेनला अशी नोंद एकच असावी लागते. दोन आढळल्या तर तपासणारी यंत्रणा दोन्ही बाद ठरवते. सारे पाठविणारे एकाच नोंदीत गुंफावे लागतात आणि ती पडताळताना दहापेक्षा अधिक उपचौकश्या कराव्या लागल्या तरीही नोंद नापास होते.

दुसरी डीकेआयएम. हा पत्रावर उमटणारा अदृश्य शिक्का. शिक्का पेढीच्या टपालयंत्रणेकडे गुप्त राहतो, त्याचा पडताळा घेण्याची किल्ली सार्वजनिक नोंदवहीत असते. वाटेत पत्रातील एखादा आकडा जरी बदलला तरी शिक्का जुळत नाही. एसपीएफची यादी पत्र दुसऱ्याने पुढे ढकलले की निरुपयोगी ठरते, कारण आता नेणारा बदललेला असतो. शिक्का मात्र पत्राबरोबर प्रवास करतो. म्हणून दोन्ही हवे.

तिसरी नोंद डीमार्क, आणि माझ्या मते खरे बळ तिच्यातच आहे. टपालाच्या पाकिटावर एक नाव असते, आतील कागदाच्या शिरोभागी दुसरे असू शकते. एसपीएफ केवळ पाकिटावरचे नाव तपासते, जे ग्राहकाला दिसतच नाही. शिक्काही कोणत्या तरी तिसऱ्याच डोमेनचा असू शकतो. त्यामुळे भामट्याने पाकिटावर स्वतःचे डोमेन लिहिले आणि आतील शिरोभागी आपल्या पेढीचे, तर पहिल्या दोन्ही परीक्षा तो उत्तीर्ण होऊ शकतो. डीमार्क विचारते की ग्राहकाला जे नाव दिसते आहे, त्याच्याशी पाकीट किंवा शिक्का यांपैकी निदान एक तरी जुळते काय? जुळत नसेल तर काय करावे, हेही मालकानेच नोंदवून ठेवायचे: ‘नन’ म्हणजे तूर्त काही करू नका, केवळ कळवा, ‘क्वारंटाइन’ म्हणजे स्पॅमच्या खणात टाका, ‘रिजेक्ट’ म्हणजे दारातूनच परत पाठवा. शिवाय आपल्या नावाने कोठून किती पत्रे निघाली, याचे अहवाल मोठ्या टपालसेवांकडून मागवता येतात. २०१२ साली गूगल, याहू, मायक्रोसॉफ्ट, पेपॅल आदी कंपन्यांनी मिळून ही पद्धत पुढे आणली.

काही वर्षे हा सारा ऐच्छिक मामला होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये गूगल आणि याहू यांनी नवे नियम जाहीर केले व फेब्रुवारी २०२४ पासून ते लागू केले. दिवसाला पाच हजार किंवा अधिक पत्रे जीमेलच्या पत्त्यांवर पाठविणाऱ्यास तिन्ही नोंदी सक्तीच्या झाल्या. जाहिरात-पत्रात एका टिचकीने नाव कमी करण्याची सोयही द्यावी लागली. मायक्रोसॉफ्टनेही मे २०२५ पासून तितक्याच मोठ्या संख्येने पाठविणाऱ्यांना तिन्ही नोंदी बंधनकारक केल्या. “आम्ही कोठे पाच हजार पत्रे पाठवतो?” असे खोपोलीचा दुकानदार म्हणेल. बरोबर आहे. परंतु एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी निदान एक तरी असण्याची अट गूगलने लहान पाठविणाऱ्यालाही घातली आहे.

आणखी एक अडचण आपल्याकडे अधिक दिसते. पुष्कळ पेढ्यांच्या पाटीवर, बिलावर, गाडीवर जीमेलचा फुकट पत्ता रंगविलेला असतो. चार लोकांना हाताने पत्र लिहिण्यास तो पुरतो. पण तोच पत्ता जाहिरात-पत्रांच्या सेवेत भरून पाचशे जणांना शुभेच्छा धाडल्या, की ते पत्र गूगलच्या यंत्रणेतून निघालेले नसते आणि जुळणी होत नाही. असे करू नका, हे गूगलने आपल्या सूचनांत स्पष्ट सांगितले आहे. याहूने तर २०१४ सालीच आपल्या पत्त्यांना ‘रिजेक्ट’ लावले. जीमेलच्या नोंदवहीत आपण काही लिहू शकत नाही. ती आपली नव्हेच. पेढीच्या नावाचे स्वतःचे डोमेन घेणे, हाच मार्ग.

हा केवळ जाहिरात पोचण्याचा प्रश्न असता, तर मी या सदरात एवढी जागा दिली नसती. समजा, खालापूर तालुक्यातील एका कारखान्याला आपली पेढी नियमित माल पुरविते. एके दिवशी कारखान्याच्या लेखा विभागात आपल्या नावाने ई-मेल येतो: “आमचे बँक खाते बदलले आहे, यापुढील रक्कम सोबतच्या खात्यात भरावी.” नाव आपले, मजकूर नेटका, बिलाची रक्कमही अचूक. कारखाना रक्कम भरतो. महिनाभराने आपण वसुलीला फोन करतो आणि मग दोन जुन्या घरोब्यांत वाद पेटतो, की बुडालेली रक्कम कोणाची? एनईएफटी-आरटीजीएसने पैसे जातात ते केवळ खाते क्रमांकावर. नाव न जुळल्याने ते अडत नाहीत. लाभार्थीचे नाव आधी पाहण्याची सोय बँकांनी १ एप्रिल २०२५ पर्यंत द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने सांगितले होते. ती सोय प्रत्येकाने अवश्य वापरावी. खाते बदलल्याचे पत्र आले तर जुन्या, माहीत असलेल्या क्रमांकावर फोन करून विचारावे, आणि घात झालाच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. तेथे तास मोजले जातात.

रिझर्व्ह बँकेने हा धोका आधीच ओळखला होता. नागरी सहकारी बँकांसाठी ३१ डिसेंबर २०१९ रोजी काढलेल्या सायबर सुरक्षा परिपत्रकात, बँकेने स्वतःचे ई-मेल डोमेन वापरावे आणि त्यावर डीमार्क अमलात आणावे, असे सांगितले आहे. आपल्या महाराष्ट्रात या बँका गावोगावी आहेत आणि अनेक व्यापारी कुटुंबांतील माणसे त्यांच्या संचालक मंडळांवर आहेत. बँकेच्या सभेत ज्या विषयाला मंजुरी दिली, तो स्वतःच्या दुकानात कधी आला का, हे त्यांनीच पाहावे. २०२५ मध्ये तर सर्व बँकांना ३१ ऑक्टोबरपर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव डोमेनवर जाण्यास सांगण्यात आले.

डीमार्कची मर्यादाही सांगितली पाहिजे. पेढीच्या नावात एखादे अक्षर बदलून कोणी मिळतेजुळते डोमेन विकत घेतले, तर आपली नोंद त्यास रोखू शकत नाही. ते डोमेन त्याचे आहे आणि तो त्यावर तिन्ही नोंदी रीतसर लावू शकतो. आपल्या खात्याचा पासवर्डच चोरीस गेला, तर चोराच्या पत्रावर आपलाच अस्सल शिक्का उमटेल. खातरजमा पाठविणाऱ्याची होते, त्याच्या हेतूची नव्हे.

कामास कसे लागावे? प्रथम पाहावे, डोमेन कोणाच्या नावावर नोंदलेले आहे. बरेचदा ते संकेतस्थळ करून देणाऱ्या मुलाने स्वतःच्या नावावर, स्वतःच्या फोन क्रमांकावर घेतलेले असते. तो मुलगा प्रामाणिक असेलही. पण दुकानाचा गाळा आपण त्याच्या नावावर ठेवू काय? ते आधी पेढीच्या नावावर करून घ्यावे. मग आपल्या नावाने पत्रे कोठून कोठून निघतात, त्याची यादी करावी. हिशेबाचे सॉफ्टवेअर आणि संकेतस्थळावरील चौकशीचा अर्ज नेमके विसरले जातात. त्यानंतर एसपीएफ, मग डीकेआयएम आणि शेवटी डीमार्क, तेही ‘नन’ने सुरुवात करून. काही आठवडे अहवाल पाहावेत आणि आपलेच कोणते पत्र नापास होत नाही, अशी खात्री झाल्यावर एकेक पायरी चढावी. पहिल्याच दिवशी ‘रिजेक्ट’ लावण्याचा उत्साह केला, तर आपलीच बिले परत येतील. पडताळा सोपा आहे: स्वतःच्या जीमेल पत्त्यावर एक पत्र पाठवावे, संगणकावर ते उघडून ‘शो ओरिजिनल’ हा पर्याय निवडावा, तिन्ही नावांपुढे ‘पास’ दिसले पाहिजे. हे काम घरातील महाविद्यालयात जाणारी मुलगी किंवा सून एखाद्या दुपारी करू शकते.

तिन्ही नोंदी असूनही पत्र स्पॅममध्ये जाऊ शकते, कारण शेवटचा कौल घेणाऱ्याचा असतो. मोठ्या पाठविणाऱ्यांना गूगल सांगते की, ‘स्पॅम’ची कळ दाबणाऱ्यांचे प्रमाण ०.१ टक्क्याच्या आत ठेवा, ०.३ टक्क्यास कधीही पोचू देऊ नका. ०.३ टक्के म्हणजे हजारात तीन. विकत घेतलेल्या यादीवर पत्रे धाडणाऱ्यास हे तीन जण पहिल्या तासातच भेटतात. वर्षभर गप्प राहून संवत्सरीच्या दिवशी क्षमापनेचा संदेश एकदम दोन हजार पत्त्यांवर सोडला, तरी यंत्रणेला संशय येतो. नव्या डोमेनवरून तर असा लोंढा कधीच सोडू नये. ज्यांनी आपले नाव आपणहून दिले, त्यांनाच लिहावे, आणि ‘नको’ म्हणणाऱ्याचे नाव त्याच दिवशी काढावे. पाच वर्षांपूर्वी एकदा फरशी नेणाऱ्या गिऱ्हाइकाला दर आठवड्याला पत्र कशासाठी?

जाता जाता, डोमेनच्या नूतनीकरणाची तारीख दुकानाच्या विम्याच्या तारखेशेजारी वहीत लिहून ठेवावी. मुदत टळली की ठरावीक काळानंतर ते नाव पुन्हा विक्रीस निघते, आणि घेणारा कोणीही असू शकतो.