अफवा आणि विश्वास

सांथीच्या काळीं लोक डॉक्टरास भितात आणि बाजारगप्पांवर विश्वास ठेवितात. याचें खापर शहाणे लोक सहसा अडाणीपणावर फोडितात. आम्हांस हा निवाडा घाईचा वाटतो.

इ. स. १८९६ मध्यें मुंबईंत प्लेगचा उद्भव झाला. त्या ऑक्टोबरांत सुमारें हजार गिरणी-कामगारांनीं आर्थर रोडच्या सांथीच्या इस्पितळावर हल्ला केला. इस्पितळांत रोग्यांस मुद्दाम मारितात, अशी बोलवा शहरभर होती. आज आपणांस हंसूं येईल. पण क्षणभर त्या कामगाराच्या जागीं उभें राहून पाहावें. शेजारी धडधाकट बोलत होता, त्याला ताप आला, डोलींतून नेलें, आणि पुढें बहुधा आली ती मृत्यूची वार्ताच! आंत काय घडलें, हें त्याला समजेल अशा भाषेंत सांगणारें ओळखीचें माणूस तेथें कोण होतें? ती रिकामी जागा अफवेनें भरून काढली.

पुण्यांत तर याहून वाईट झालें. मार्च १८९७ पासून रँडसाहेबांच्या कमिटीनें गोऱ्या शिपायांकडून घरें तपासविलीं. रोगी वेगळा ठेवावा, हा हेतु वाईट नव्हता. (उंदरांवरील पिसवांमुळें प्लेग पसरतो, हें तोंवर सरकारासही ठाऊक नव्हतें, तो शोध १८९८ चा.) परंतु शिपाई देवघरांत आणि माजघरांत शिरले, तेव्हां लोक रोगापेक्षां तपासणीलाच अधिक भिऊं लागले. रोगी लपविले गेले. पुष्कळांनीं शहर सोडलें, आणि कित्येकदां रोगही त्यांच्याबरोबर गेला.

त्याच दिवसांत दुसरी रीतही दिसत होती. डॉ. हाफकिन यांनीं प्लेगची लस १० जानेवारी १८९७ रोजीं प्रथम स्वतःस टोचून घेतली. आगाखान यांनीं आपल्या अनुयायांसमक्ष तीच लस घेतली. सावित्रीबाई फुले तर रोग्यांची शुश्रूषा करतां करतां १० मार्च १८९७ रोजीं प्लेगनेंच वारल्या. त्यांच्या हातून औषध घेतांना कोणाच्या मनांत संशय आला असेल, असें आम्हांस वाटत नाहीं.

आतां अडाणीपणाविषयीं. २०२० च्या आरंभीं, कोंबडी खाल्ल्यानें कोरोना होतो अशी हूल उठली आणि महाराष्ट्रांतील कुक्कुटपालकांचें अतोनात नुकसान झालें. ही हूल मोबाइलवरून पसरविणारे चांगले लिहितेवाचते होते. दुसरीकडे, निरोगी माणसास मुखपट्टीची गरज नाहीं असें प्रथम सांगण्यांत आलें आणि एप्रिलांत मुंबईंत तीच सक्तीची झाली. ज्ञान वाढलें म्हणून सल्ला बदलला, यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. पण "काल आम्हांस हें कळलें नव्हतें" हें वाक्य अधिकाऱ्यांच्या तोंडून निघणें फार कठीण, आणि त्याच्याच अभावीं लोक दोन्ही सल्ले खोटे समजतात.

पुढील सांथीची लस आमच्या वस्तींत येईल, तेव्हां ती आणणारानें आधीं स्वतःची बाही वर सारावी. आणि आमच्या आजीबाईंच्या शंका कितीही विचित्र असोत, त्या संपेपर्यंत ओसरीवर बसावें.